आधी मनी मोज

विनिपेग ते कॅल्गरी साधारण १,३२५ किलोमीटर, दोन दिवसांत उरकू, असं तू फोनवर म्हणालीस. तुम्ही दोघंच असता तर मी काही बोलले नसते. पण सोबत खंडू कुत्रा आहे, मनी मांजर आहे, मागे ट्रेलर आहे आणि वारा बहुतेक वेळा पश्चिमेचा, म्हणजे थेट तोंडावर. पाच दिवस धर. पहाटे निघायचं आणि दुपारी दोनच्या आत मुक्काम गाठायचा, कारण ऊन चढलं की वाराही चढतो. ट्रेलर झोकांड्या खायला लागला की जनावरांना माणसांच्या आधी कळतं. मनी ओरडायला लागली तर वेग कमी कर, तिला गप्प करत बसू नकोस.

सॅस्कॅचवानमध्ये घड्याळ बदलत नाहीत. उन्हाळ्यात मॅनिटोबाची हद्द ओलांडली की एक तास मागे जातो. ते तुमच्यासाठी. खंडू-मनीला जेवण घरच्याच वेळेला घाल.

चालत्या ट्रेलरमध्ये त्यांना ठेवायचं नाही. आत काय तापलंय, काय कोसळलंय, पुढे पत्ता लागत नाही. खंडू मागच्या सीटवर पट्ट्याने बांधलेला, मनी पिंजऱ्यात आणि पिंजराही पट्ट्याने बांधलेला. तिची मातीची पेटी मुक्कामावर ट्रेलरच्या शॉवरमध्ये ठेव. तसाही तो शॉवर कोणी वापरत नाही.

आता मुख्य गोष्ट. तुमच्या ट्रेलरला बाहेर सरकणारी भिंत आहे ना, ती स्लाइड? आमच्या दुसऱ्या उन्हाळ्यात तुझ्या काकांनी निघायच्या घाईत आत घ्यायचं बटण दाबलं. आमची तेव्हाची मांजर, तीही मनीच, त्या भिंतीच्या फटीत जाऊन झोपली होती. ती ओरडली म्हणून वाचली. मोटरला मांजर आणि उशी यातला फरक कळत नाही. तेव्हापासून आमचा नियम असा, की मांजर पिंजऱ्यात डोळ्यांनी बघायची आणि मगच बटणाला हात लावायचा. घरातून कुठेही निघताना काका अजून विचारतात, ‘मनी मोजली का?’ आता घरात मांजर नाही, तरी विचारतात.

गवताचं सांगते. आपल्या माणच्या माळावर कुसळी गवत असायचं, आजोबांच्या धोतरातून आई संध्याकाळभर कुसळं वेचत बसायची. इथे त्याच स्वभावाची एक आहे, फॉक्सटेल बार्ली. रस्त्याकडेच्या चरांत आणि खारवट जमिनीत माजते. वाऱ्यावर रेशमासारखी चमकते, तुला फोटो काढावासा वाटेल. खंडूला त्यात सोडू नकोस. तिच्या कुसळाला उलटे काटे असतात, त्यामुळे ते पुढे सरकतं, मागे येत नाही. बोटांच्या बेचक्यातून शिरलं की आत आत जातं, पिकतं. निघायच्या आधी पंजांमधले केस बारीक काप. दर थांब्याला चारही पंजांची बोटं फाकवून बघ, मग काखा, कान, पापण्यांच्या कडा. एकसारखं एकच बोट चाटतोय, मान एका बाजूला झटकतोय, शिंका थांबत नाहीत, ही सगळी कुसळाची लक्षणं. वर दिसत असेल तर चिमट्याने काढ. कानात असेल तर स्वतः काही करू नकोस, डॉक्टर गाठ. त्याच तपासणीत गोचीडही सापडते. मे-जूनमध्ये फार. कातडीलगत धरून सरळ ओढायची, तेल-बिल काही लावायचं नाही.

पाणी घरून ने, दोन मोठे कॅन. वाटेतल्या गावांचं पाणी माणसांना चालतं, पण क्षार जास्त असले की कुत्र्याचं पोट बिघडतं. थोडं थोडं मिसळत सवय लाव. शेततळ्यात त्याला तोंड घालू देऊ नकोस. पाण्यावर हिरवा रंग सांडल्यासारखा दिसला तर ते विषारी शेवाळ असू शकतं, त्यानं कुत्रं काही तासांत जातं. मूस जॉ सोडलं की चॅप्लिनला रस्त्यालगत पांढरं शुभ्र दिसेल. बर्फ नव्हे, खार. पक्षी बघ, पण दोरी हातात ठेव.

स्विफ्ट करंटहून दक्षिणेला ग्रासलँड्स राष्ट्रीय उद्यान बघायचा मोह झाला तर जरूर जा, वळसा वसूल आहे. पण टाकी भरून घे. तिथे प्रेअरी डॉगची बिळं आहेत आणि त्या जनावरांत प्लेगही सापडलेला आहे, म्हणजे पिसवांचं औषध आधी लावलेलं हवं. रॅटलस्नेकही आहेत. वाळक्या शेंगा खुळखुळल्यासारखा आवाज आला की जागीच थांब. खंडूला चावलाच तर चिरायचं नाही, चोखायचं नाही. त्याला चालवायचंही नाही, उचलून गाडीत घालायचं. जवळचा जनावरांचा डॉक्टर कुठे, हे आदल्या रात्रीच फोन करून विचारून ठेव.

स्कंकने खंडूवर दुर्गंधी फवारली तर टोमॅटोचा रस ओतू नकोस, नुसता लाल वास येतो. पॉल क्रेबाउम नावाच्या रसायनतज्ज्ञाचा उतारा १९९३ पासून चालत आलाय. तीन टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड एक लिटर, पाव कप खायचा सोडा, चमचाभर भांड्यांचा साबण. डोळे वाचवून चोळ, पाच मिनिटांनी धू. उरलेलं बाटलीत बंद करून ठेवू नकोस, वायू साठून फुटते.

एसीच्या भरवशावर त्यांना ट्रेलरमध्ये सोडून दुपारी जेवायला जाऊ नका. कॅम्पग्राउंडची वीज जाते तेव्हा कोणी तुम्हाला शोधत येत नाही.

आभाळाकडे लक्ष असू दे. १३ जून २०२० ला कॅल्गरीत झालेल्या गारपिटीचा विम्याचा हिशेब एक अब्ज डॉलरच्या वर गेला होता. पश्चिमेला काळं-हिरवं चढलं की गाव गाठ, पक्क्या इमारतीत शिर. चक्रीवादळात ट्रेलर म्हणजे खोकं. तेव्हा खंडूची दोरी आणि मनीचा पिंजरा दाराशीच असला पाहिजे, पलंगाखाली नाही.

पोचलात की फोन कर. रात्री कितीही उशीर झाला तरी चालेल, काका जागेच असतात. पहिला प्रश्न काय विचारतील ते तुला ठाऊक आहे.