बाभळीचा ओंडका आणि आमची घाई

बाभूळ कोणाला माहीत नाही? बांधावर बाभूळ, ओढ्याकाठी बाभूळ. शेळ्यांना तिच्या शेंगा, कुंपणाला काटे, दात घासायला काडी, चुलीला सरपण. आणि लाकूड? नांगर, कुळव, गाडीचे चाक, मुसळ, सारे बाभळीचे. का बरे? कारण हे लाकूड फार कठीण. मार खाते, पण लवकर झिजत नाही.

जे लाकूड झिजत नाही, ते आऱ्यालाही सहज दाद देत नाही. ही गोष्ट आम्ही नुकसान सोसून शिकलो. तुम्हाला ते सोसावे लागू नये, म्हणून हा धडा.

फिरता आरा

आम्ही चौघांनी मिळून एक फिरता आरा घेतला. त्याला दोन चाके असतात. पिठाच्या गिरणीचा पट्टा फिरतो ना, तशी या चाकांवरून दातांची पोलादी पट्टी फिरते. ओंडका खाली आडवा, शिकंज्यात घट्ट धरलेला असतो. तो हलत नाही. आराच रुळांवरून पुढे सरकतो आणि वरची फळी सुटी होते. आरा ट्रॅक्टरमागे जोडून रानात नेता येतो.

याचा फायदा काय? आठ फूट लांब आणि दीड फूट जाडीचा ओला ओंडका सुमारे चार क्विंटल भरतो. तो वखारीपर्यंत नेण्यापेक्षा आराच ओंडक्याकडे नेलेला बरा.

दुसरा फायदा हिशेबाने पाहू. मोठ्या गोल आऱ्याची चीर साधारण ६ मिलिमीटर रुंद पडते. पट्टीची चीर अडीच मिलिमीटरच्या आसपास. दहा वेळा कापले तर गोल आऱ्याने ६० मिलिमीटर लाकडाचा भुसा होतो. पट्टीने २५ मिलिमीटर. म्हणजे ३५ मिलिमीटर लाकूड वाचले. एक इंच म्हणजे २५ मिलिमीटर. एक फळी वाचली की!

पण पट्टी पातळ आहे, म्हणून ती वाकतेही लवकर. आम्ही फसलो ते इथेच.

काय चुकले?

एका शेतकरीदादाची बाभूळ वादळात पडली होती. ती त्याच्या वडिलांच्या हातची. तीन वर्षे ओंडका उन्हात पडून होता. घराच्या दाराला त्याच्या फळ्या काढायच्या होत्या. आभाळ भरून आले होते. आणखी दोन ठिकाणची कामे खोळंबली होती. आम्ही इंजिन सुरू केले आणि आरा जोराने पुढे रेटला.

इंजिन कण्हू लागले. आम्ही आणखी रेटले. फळी निघाली ती नागमोडी. टोकाला दीड इंच, मध्ये एक इंच. दुसरी फळी तशीच. तिसऱ्या वेळी फाट्‌कन आवाज झाला आणि पट्टी तुटली. दैव बरे, म्हणून कोणाला लागले नाही.

शेतकरीदादा काही बोलला नाही. त्याने फळीवरून नुसता हात फिरवला. ते पाहून आमची मान खाली गेली. त्या दिवसाची मजुरी आम्ही घेतली नाही. पण मजुरी सोडली, म्हणून फळी सरळ होते का?

सुतारबाबा काय म्हणाले?

गावात एक म्हातारे सुतारबाबा आहेत. त्यांनी तरुणपणी हातकरवतीने ओंडके चिरलेले. एक माणूस ओंडक्यावर उभा, दुसरा खाली खड्ड्यात. ते आले. त्यांनी ना यंत्र पाहिले, ना फळी. खालचा मूठभर भुसा उचलला आणि आमच्या हातावर ठेवला. भुसा गरम होता आणि मैद्यासारखा बारीक.

"पोरांनो, हा भुसा नव्हं, हे पीठ हाय. तुमचा आरा कापत न्हाई, घासतोय. लाकूड काय पळून चाललंय व्हय?"

बाबांनी रोग बरोबर ओळखला. दात्यांची धार गेली होती आणि आम्ही जोर लावत होतो. बोथट पट्टीला जोर लावला की ती तापते. तापली की सैल पडते. सैल पडली की वाट सोडते. मग फळी नागमोडी न निघेल तर काय होईल? सहा मिलिमीटर वाकडी फळी रंध्याने सरळ करायची, तर चिरेत वाचवलेले सारे लाकूड रंध्याखाली गेले.

आता आम्ही काय करतो?

ओले असताना कापतो. ओले लाकूड मऊ असते. बाभूळ वाळली की जणू लोखंडच. म्हणून झाड पडले की लवकर चिरावे. लगेच जमत नसेल तर ओंडका पाण्यात बुडवून ठेवावा. आपले जुने लोक गाडीचे लाकूड पाण्यात मुरवत. त्याने कीडही कमी लागते.

ओंडका धुतो. सालीत माती आणि वाळू अडकलेली असते. वाळू दात्यांची धार खाते. साल काढावी, निदान ओंडका धुवावा.

लोखंड शोधतो. बांधावरच्या झाडाला कोणी खिळा ठोकतो, कोणी तार गुंडाळतो. झाड वाढते आणि तार पोटात घेते. एक खिळा सगळी पट्टी वाया घालवतो. पण बाभूळ स्वतःच खूण देते. हिरड्याच्या पाण्यात लोखंड टाकले की काळी शाई होते, हे तुम्ही ऐकले असेल. बाभळीतही तसाच तुरट रस असतो. लोखंडाजवळचे लाकूड निळे-काळे पडते. असा डाग दिसला की थांबावे आणि आधी खिळा काढावा.

दाते पाहतो. मऊ लाकडाच्या पट्टीचे दाते पुढे जास्त झुकलेले असतात, सुमारे १० अंश. कठीण लाकडाला कमी झुकलेले, सुमारे ४ अंशांचे दाते बरे. धार गेली की पट्टी बदलावी. 'एवढा एक ओंडका होऊ दे' असे म्हणू नये. तोच ओंडका बिघडतो.

ताण आणि पाणी सांभाळतो. पट्टी चांगली ताणलेली हवी. तिच्यावर पाण्याची बारीक धार सोडावी, त्यात थोडा साबण घालावा. पट्टी थंड राहते, चिकटा धरत नाही. काम संपले की ताण सैल करावा. पट्टीलाही विसावा लागतो.

सावकाश जातो. इंजिनाचा आवाज उतरला की हात आखडावा. भुसा रवाळ पडला पाहिजे. पीठ पडू लागले की थांबावे.

ओंडका फिरवतो. झाडाच्या अंगात ताण असतो. एकाच बाजूने कापत गेले तर ओंडका धनुष्यासारखा वाकतो. म्हणून एका बाजूच्या थोड्या फळ्या काढाव्या, मग ओंडका उलटून समोरच्या बाजूच्या काढाव्या.

आधी जीव, मग फळी

पट्टीच्या रेषेत कधी उभे राहू नये. तुटलेली पट्टी सापासारखी उसळते. रोज दात्यांच्या मुळाशी बारीक तडा आहे का, ते पाहावे. शिकंजा चिरेच्या वाटेत येत नाही ना, याची खात्री करावी. धोतराचा सोगा, उपरणे, पदर चाकापासून दूर ठेवावा. डोळ्यांना चष्मा, नाकाला फडके, कानात बोळे हवेत. पट्टी हाताळताना हातमोजे घालावे. इंजिन पुरते थांबल्याशिवाय आत हात घालू नये.

आणखी एक. आरायंत्राला वनखात्याचा परवाना लागतो. झाडे तोडण्याचा १९६४ चा कायदाही आहे. अंजन, खैर, ऐन, किंजळ ही कठीण लाकडाची झाडे त्याच्या यादीत आहेत. आपल्या शेतातले झाड असले तरी आधी परवानगी घ्यावी. मगच कुऱ्हाड उचलावी.

फळ्या कशा वाळवाव्या?

फळ्या उन्हात टाकू नयेत, तडकतात. सावलीत, वारा खेळेल अशा जागी रचाव्या. दोन फळ्यांमध्ये इंचभर जाडीच्या पट्ट्या ठेवाव्या. या पट्ट्या एकाखाली एक, सरळ रेषेत याव्या. वर वजन ठेवावे. फळ्यांच्या टोकांना जुना रंग किंवा शेण-माती लावावी, म्हणजे टोके फाटत नाहीत.

पुढे काय झाले?

त्या शेतकरीदादाचा अर्धा ओंडका उरला होता. आम्ही तो दोन महिने ओढ्याच्या डोहात ठेवला. मग नव्या पट्टीने, सावकाश चिरला. अर्धा दिवस गेला. फळ्या सरळ निघाल्या. दार झाले, पण अरुंद झाले. एक फळी कमी पडली. ती आमच्या घाईने खाल्ली होती. त्या दारातून आत जाताना आम्ही अजून अंग चोरून जातो.

प्रश्न

१. बारीक, गरम भुसा पडला तर काय समजावे?
२. निळा-काळा डाग कशाची खूण आहे?
३. पट्टीच्या रेषेत का उभे राहू नये?
४. तुमच्या गावात कोणते लाकूड सर्वांत कठीण? त्याचे काय करतात?