तरुण बंगाल : एका पिढीचा स्वभाव आणि दृष्टी

एकोणिसाव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकांत कलकत्त्यामध्ये इंग्रजी शिकलेल्या तरुणांचा एक लहानसा गट पुढे आला. ‘तरुण बंगाल’ या नावाने तो पुढे ओळखला जाऊ लागला. या गटाविषयी दोन टोकांची मते आजवर मांडली गेली आहेत. एका मतानुसार हे तरुण परकीय विद्येने बहकलेले आणि खाण्यापिण्यातील स्वैराचारालाच सुधारणा मानणारे होते. दुसऱ्या मतानुसार ते आधुनिक भारताचे अग्रदूत होते. दोन्ही मतांना आधार सापडतो. म्हणूनच या पिढीचा स्वभाव जाणून घ्यावयाचा असेल, तर तिच्या विशीतील वर्तनाबरोबरच तिच्या प्रौढ वयातील कार्याकडेही पाहिले पाहिजे.

या तरुणांची जडणघडण हिंदू कॉलेजमध्ये झाली. कलकत्त्यातील प्रतिष्ठित हिंदू गृहस्थांनी वर्गणी जमवून १८१७ मध्ये हे विद्यालय स्थापन केले होते. आपल्या मुलांनी इंग्रजी भाषा आणि युरोपीय शास्त्रे शिकावीत, मात्र कुळाचार सोडू नये, अशी त्यांची अपेक्षा होती. नव्या विद्येपासून केवळ उपयोगाचा भाग वेगळा काढता येईल हा त्यांचा विश्वास किती अपुरा होता, हे पुढील दहा-पंधरा वर्षांत दिसून आले.

१८२६ मध्ये हेन्री लुई व्हिव्हियन डिरोझिओ यांची तेथे शिक्षक म्हणून नेमणूक झाली. त्यांचा जन्म १८०९ मध्ये कलकत्त्यातच एका युरेशियन कुटुंबात झाला होता. विद्यार्थ्यांपेक्षा ते काही वर्षांनीच मोठे होते. ते इंग्रजी साहित्य आणि इतिहास शिकवीत. परंतु त्यांचा खरा प्रभाव पडला तो त्यांच्या पद्धतीमुळे. कोणत्याही प्रश्नाच्या दोन्ही बाजू ते विद्यार्थ्यांपुढे ठेवीत आणि निर्णय त्यांच्यावर सोपवीत. १८२८ च्या सुमारास सुरू झालेल्या ‘अॅकॅडमिक असोसिएशन’ या सभेत दैव आणि पुरुषार्थ, ईश्वराचे अस्तित्व, मूर्तिपूजा, देशप्रेम अशा विषयांवर वादविवाद होत. जे पटले ते बोलावे आणि जे बोलले ते आचरावे, असा दंडक या मुलांनी स्वतःला घालून घेतला. कॉलेजचा मुलगा खोटे बोलणार नाही, अशी त्यांची ख्याती त्या काळी शहरात पसरली होती.

मात्र जे पटले ते आचरण्याच्या उत्साहात विवेक अनेकदा सुटला. ऑगस्ट १८३१ मध्ये कृष्णमोहन बॅनर्जी घरी नसताना त्यांच्या मित्रांनी तेथे गोमांस खाल्ले आणि उरलेले हाडुक शेजारच्या ब्राह्मणाच्या घरात फेकले. या कृत्याचा विचारस्वातंत्र्याशी काहीही संबंध नव्हता. तो शेजाऱ्याच्या श्रद्धेचा निव्वळ अवमान होता. त्याची किंमत कृष्णमोहनांना मोजावी लागली. त्यांना घर सोडावे लागले, आणि पुढच्याच वर्षी त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

त्याआधीच, एप्रिल १८३१ मध्ये, चालकमंडळाने डिरोझिओंना काढून टाकण्याचा निर्णय घेतला आणि त्यांनी राजीनामा दिला. आपण नास्तिकपणा शिकवला नाही, विद्यार्थ्यांना दोन्ही पक्षांचे युक्तिवाद समजावून दिले, असे उत्तर त्यांनी दिले होते. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये पटकीच्या विकाराने त्यांचा अंत झाला. त्यांना तेविसावे वर्षही पुरे झाले नव्हते. गुरूचे छत्र गेल्यावर हे वादळ आपोआप शमेल, असे अनेकांना वाटले असल्यास नवल नाही. वादळ शमले, परंतु प्रश्न विचारण्याची सवय गेली नाही.

ती सवय कशी टिकली, याची उदाहरणे निरनिराळ्या क्षेत्रांत आढळतात. राधानाथ सिकदर १८३१ मध्ये त्रिकोणमितीय सर्वेक्षण खात्यात गणक म्हणून रुजू झाले. हिमालयातील पंधराव्या क्रमांकाचे शिखर जगात सर्वांत उंच असल्याचे ज्या आकडेमोडीतून सिद्ध झाले, तिच्यात त्यांचा मोठा वाटा होता. तेच पुढे एव्हरेस्ट म्हणून प्रसिद्ध झाले. याच राधानाथांनी १८४३ मध्ये डेहराडून येथे खात्यातील मजुरांना वेठीला धरणाऱ्या इंग्रज मॅजिस्ट्रेटचे सामान अडवून धरले आणि त्यापायी दोनशे रुपयांचा दंड सोसला. रामगोपाल घोष व्यापारात यशस्वी झाले आणि उत्तम वक्ते म्हणून नावाजले गेले. १८४९ मध्ये बेथून यांनी मुलींची शाळा काढली तेव्हा ते त्यांच्या पाठीशी उभे राहिले, तर दक्षिणारंजन मुखर्जी यांनी त्या शाळेसाठी जमीन दिली. रामतनू लाहिरी यांनी आयुष्यभर निरनिराळ्या गावी शिक्षकी केली.

फेब्रुवारी १८४३ मधील एक प्रसंग या दृष्टीने विशेष बोलका आहे. ‘सामान्य ज्ञानार्जन सभे’च्या बैठकीत दक्षिणारंजन कंपनीची न्यायालये आणि पोलीस यांच्यावर निबंध वाचीत होते. हिंदू कॉलेजचे प्राचार्य रिचर्डसन यांनी त्यांना मध्येच थांबवले आणि कॉलेजचे दालन राजद्रोहाचा अड्डा होऊ देणार नाही, असे बजावले. अध्यक्षस्थानी ताराचंद चक्रवर्ती होते. रिचर्डसन हे येथे पाहुणे आहेत आणि त्यांनी आपले शब्द मागे घ्यावेत, असे त्यांनी शांतपणे सांगितले. जी जिज्ञासा बारा वर्षांपूर्वी घरातील वडीलधाऱ्यांना खुपली होती, ती आता राज्यकर्त्यांना खुपू लागली होती.

तथापि या पिढीच्या मर्यादा नजरेआड करता येत नाहीत. हिंदू कॉलेजचे दार मुसलमानांना बंद होते आणि तेथील बहुतेक विद्यार्थी वरिष्ठ जातींतील, सुखवस्तू घरांतील होते. त्यांचे वादविवाद मुख्यतः इंग्रजीत चालत. कायमधाऱ्याच्या जमीनदारीखाली पिचलेल्या रयतेला त्यांतील एक शब्दही कळण्याचा संभव नव्हता. जुन्या समाजापासून ते तुटले, पण त्यांच्यामागे येणारा नवा समाज अद्याप जन्मास यावयाचा होता. ही त्यांच्या एकाकीपणाची खरी शोकांतिका होय.

ही उणीव त्यांच्यापैकी काहींना उमगली होती, असे त्यांच्या पुढील लेखनावरून दिसते. १८४२ मध्ये सुरू झालेल्या ‘बेंगॉल स्पेक्टेटर’ या पत्रात इंग्रजीबरोबर बंगालीलाही स्थान मिळाले. विधवाविवाहाचा कायदा १८५६ चा. या पत्राने त्या प्रश्नाची चर्चा त्यापूर्वी चौदा वर्षे केली होती. कृष्णमोहनांनी १८४६ ते १८५१ या काळात ‘विद्याकल्पद्रुम’ हा तेरा खंडांचा बंगाली ज्ञानकोश प्रसिद्ध केला. प्यारीचंद मित्र आणि राधानाथ यांनी १८५४ मध्ये स्त्रियांना सहज वाचता येईल अशा बोलीभाषेत ‘मासिक पत्रिका’ काढली. ‘आलालेर घरेर दुलाल’ ही प्यारीचंदांची कादंबरी प्रथम याच मासिकातून क्रमशः आली. लाडावून बिघडलेला श्रीमंताचा मुलगा हा तिचा विषय आहे. ज्या पिढीवर बिघडल्याचा आरोप झाला होता, तिच्यातीलच एकाने ती लिहिली, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

तरुण बंगालच्या विरोधकांनी पाहिले ते खोटे नव्हते. परंतु ते फार लवकर पाहिलेले होते. चार-दोन वर्षांतील उद्दामपणावरून त्यांनी एका पिढीचा निकाल लावला. उलट, त्या तरुणांनीही वडीलधाऱ्यांच्या प्रत्येक आक्षेपात केवळ अंधश्रद्धाच पाहिली. आपल्या मुलापासून दुरावण्याची भीती त्यांत होती, हे त्यांच्या ध्यानी आले नाही. पिढ्यांमधील संघर्षात बहुधा हीच दुहेरी चूक घडते. निषिद्ध अन्न खाण्यातील धाडस त्या तरुणांबरोबरच ओसरले. पुरावा मागणे, पटलेले उघडपणे बोलणे आणि त्याची झळ स्वतः सोसणे हा त्यांचा दुसरा वारसा मात्र पुढील पिढ्यांच्या कामी आला.