हाड मोडण्याआधी आणि मोडल्यानंतर

रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार यांविषयी आता घरोघरी बोलले जाते. हाडांची आणि सांध्यांची आठवण मात्र आपल्याला ती दुखू लागल्यावरच होते. गुडघा धरला की ‘वय झाले’, कंबर धरली की ‘वात आहे’ असे म्हणून आपण गप्प बसतो. मग एके दिवशी घरातील आजी मोरीत घसरून पडते, खुब्याचे हाड मोडते आणि कालपर्यंत चालती-फिरती असलेली बाई अंथरुणाला खिळते. लोक म्हणतात, नशीब! आमचे म्हणणे असे की, याला नशीब म्हणून सोडून देणे योग्य नव्हे. हाड त्या दिवशी मोडले, पण ते कित्येक वर्षे आधीपासून ठिसूळ होत आले होते. आणि आजी पुन्हा चालणार की नाही, हे पडल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत घरची माणसे काय ठरवतात यावर पुष्कळसे अवलंबून असते. या दोन्ही गोष्टींचा विचार आपण येथे करू.

हाड ही जिवंत वस्तू आहे

प्रौढ माणसाच्या शरीरात २०६ हाडे असतात. ती दगडासारखी निर्जीव नसतात. जुने हाड झिजवणाऱ्या आणि नवे हाड घडवणाऱ्या पेशी आयुष्यभर काम करीत असतात. साधारण तिशीपर्यंत जमा जास्त व खर्च कमी असतो. त्यानंतर हळूहळू खर्च वाढत जातो. स्त्रियांमध्ये मासिक पाळी थांबल्यानंतरच्या काही वर्षांत ही झीज फार वेगाने होते. म्हणून वयात येणाऱ्या मुलीच्या ताटात काय पडते, हा तिच्या सत्तराव्या वर्षाचाही प्रश्न आहे. घरातील सर्वांना वाढून उरलेसुरले खाण्याची आपल्या आया-बहिणींची सवय आपण बदलली पाहिजे.

शरीरातील सुमारे ९९ टक्के कॅल्शियम हाडांत व दातांत असते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० साली प्रौढांसाठी रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियमची शिफारस केली आहे. हा आकडा ऐकून महागडे डबे विकत आणण्याचे कारण नाही. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तर पेलाभर दुधात सव्वादोनशे ते अडीचशे. चमचाभर तीळ, शेवग्याचा पाला, राजगिऱ्याची भाजी, काट्यांसह खाल्ली जाणारी सुकट आणि बारीक मासळी हेही कॅल्शियमचे चांगले साठे आहेत. नाचणीची भाकरी व सुकटीची चटणी हे गरिबाचे जेवण म्हणून कमी लेखू नये. जोडीला डाळी, कडधान्ये, अंडी हवीत, कारण हाडाचा सांगाडा प्रथिनांचा असतो.

खाल्लेले कॅल्शियम अंगी लागण्यासाठी ‘ड’ जीवनसत्त्व लागते आणि ते मुख्यतः उन्हामुळे कातडीत तयार होते. आपल्या देशात ऊन भरपूर आहे, पण आपण चाळीच्या खोल्यांत, इमारतींत आणि कार्यालयांत कोंडलेले असतो. कोवळ्या उन्हातील आवश्यक किरण क्षीण असतात आणि खिडकीच्या काचेतून तर ते जवळजवळ येतच नाहीत. सकाळी अकरा ते दुपारी तीन या वेळेत हात, पाय व चेहरा उघडा ठेवून काही मिनिटे उन्हात थांबणे उपयोगाचे असते. मात्र कडक उन्हाळ्यात वृद्धांनी जपावे. ‘ड’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या किंवा इंजेक्शने मनाने घेऊ नयेत. त्याचा अतिरेकही घातक असतो.

एका शत्रूचे नाव येथे घेतलेच पाहिजे. तो म्हणजे तंबाखू. विडी असो, तंबाखू असो की दातांना लावायची मिश्री असो, हाडांना तिचा अपायच होतो. धूम्रपान करणाऱ्याचे मोडलेले हाड जुळायलाही जास्त वेळ लागतो. दारूचेही तसेच, ती हाड पोखरते आणि तोलही घालवते.

श्रम आणि व्यायाम

हाडावर जसा भार पडतो तसे ते घडते, हा सिद्धान्त ज्युलियस वुल्फ या जर्मन शल्यवैद्याने १८९२ साली मांडला. चालणारे, जिने चढणारे शरीर आपले हाड राखते. सतत बसून राहणाऱ्याचे हाड विरळ होत जाते. रोज अर्धा तास झपाझप चालावे. खुर्चीवरून हाताचा आधार न घेता दहा वेळा उठावे, बसावे. याने मांड्या बळकट होतात, तोल सुधारतो आणि पडण्याचा धोका कमी होतो.

परंतु श्रम म्हणजे व्यायाम, असेही समजू नये. ज्यांनी गोदीत, बाजारात, बांधकामावर ओझी वाहिली त्यांच्या कंबरा आणि गुडघे त्याची साक्ष देतात. ओझे उचलताना कंबरेत वाकू नये. गुडघे वाकवून, ओझे छातीजवळ धरून उठावे. एका बाजूला जड पिशवी घेण्यापेक्षा दोन्ही हातांत भार वाटून घ्यावा.

गुडघ्याच्या झिजेत शरीराच्या वजनाचा वाटा मोठा असतो. एक किलो वजन उतरले की चालताना प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी उकिडवे बसून भांडी-धुणे करणे टाळावे, शौचासाठी कमोडची खुर्ची वापरावी आणि कार्यक्रमात खुर्चीवर बसताना संकोच करू नये. आयोजकांनीही मागच्या रांगेत नव्हे, सोयीच्या जागी खुर्च्या ठेवाव्यात.

सर्व सांधेदुखी झिजेची नसते. सकाळी उठल्यावर बोटे अर्ध्या तासाहून अधिक वेळ आखडलेली राहणे, दोन्ही हातांचे लहान सांधे सुजणे ही संधिवाताची लक्षणे असू शकतात. हा आजार तरुण स्त्रियांनाही होतो आणि लवकर उपचार झाले तर सांधे वाकडे होण्याचे टळू शकते. सांधेदुखीवर नाव नसलेल्या पुड्या घेणे आम्हाला सर्वांत भयंकर वाटते. अशा पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉईड मिसळलेले असते. दोन दिवसांत दुखणे पळते खरे, पण महिनोन्‌महिने घेतल्यास हाडे ठिसूळ होतात, खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठाही बंद पडू शकतो. वेदनाशामक गोळ्याही दीर्घकाळ मनाने घेतल्यास जठर व मूत्रपिंड यांना इजा करतात.

पडू नये म्हणून

घरात सर्वांत धोक्याची जागा म्हणजे मोरी व संडास. तेथे भिंतीला धरायला पक्की दांडी बसवावी, फरशी कोरडी ठेवावी. रात्री लघवीला उठणाऱ्या वृद्धांच्या वाटेवर लहान दिवा असावा. सरकणाऱ्या सतरंज्या, वाटेतील वायरी, गुळगुळीत झालेल्या चपला काढून टाकाव्यात. डोळ्यांतील मोतीबिंदूची शस्त्रक्रिया लांबणीवर टाकू नये. या सर्वांचा खर्च एका शस्त्रक्रियेच्या मानाने नगण्य आहे.

उंची कमी झाली, पाठीला पोक आले किंवा साध्या धक्क्याने मनगट मोडले तर हाडांची घनता तपासून घ्यावी. तपासणी वेदनारहित असते. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ साली ठरवलेल्या मापाप्रमाणे आकडा उणे २.५ किंवा त्याहून खाली असेल तर हाडे ठिसूळ झाली असे समजतात. यावर परिणामकारक औषधे उपलब्ध आहेत.

मोडल्यानंतर

हाड मोडल्याची शंका आली तर तो भाग हलवू नये. चोळू नये, ओढू नये. पुठ्ठा किंवा लाकडी पट्टी कापडात गुंडाळून सैलसर बांधावी, बांगड्या व अंगठ्या लगेच काढाव्यात. खाणेपिणे देऊ नये, कारण भूल द्यावी लागू शकते. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.

अजूनही पुष्कळ लोक प्रथम हाडवैद्याकडे जातात. तो जवळचा असतो, पैसे कमी घेतो, हे खरे. पण लहान मुलाच्या कोपराजवळचे हाड मोडले असता बांबूच्या पट्ट्या घट्ट आवळल्या, तर रक्तपुरवठा तुटून हात कायमचा आखडतो. फोकमन या जर्मन शल्यवैद्याने हा विकार १८८१ सालीच वर्णन केला होता. पट्टी असो वा प्लास्टर, बोटे पांढरी किंवा निळी पडली, बधिर झाली, हलेनाशी झाली, वेदना वाढतच गेल्या, तर सकाळची वाट पाहू नये. त्याच घटकेला रुग्णालय गाठावे. काही तासांचा उशीरही हात घालवू शकतो.

आता आजीकडे वळू. पडल्यावर उभे राहता येत नाही, पाय आखूड दिसतो आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळते, ही खुब्याचे हाड मोडल्याची खूण आहे. अशा वेळी घरात चर्चा सुरू होते: ‘या वयात कशाला चिरफाड? पडून राहील, जुळेल.’ हे प्रेमापोटी बोलले जाते, कधी पैशाच्या चिंतेपोटी. परंतु वृद्ध माणूस महिनोन्‌महिने पडून राहिला तर पाठीला जखमा होतात, छातीत कफ साठून न्यूमोनिया होतो, पायात रक्ताच्या गाठी होतात. बहुतेक रुग्णांसाठी शस्त्रक्रिया हीच सुरक्षित वाट असते. प्रकृती सांभाळता येत असेल तर ती शक्यतो पहिल्या ४८ तासांत व्हावी, आणि दुसऱ्या दिवसापासून रुग्णाला बसते-उभे करावे. नुसते वय हे शस्त्रक्रिया नाकारण्याचे कारण नाही.

पैशाचा प्रश्न खोटा नाही. म्हणूनच शिधापत्रिका व आधारकार्ड घरात एका जागी ठेवावे आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कोणते उपचार बसतात, याची चौकशी योजनेतील रुग्णालयाच्या आरोग्यमित्राकडे करावी. गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर केंद्र सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये कमाल मर्यादा घातली, हेही ठाऊक असावे. सांधा बदलण्याआधी वजन, व्यायाम व औषधे यांचा मार्ग पुरता अवलंबावा, आणि दोन डॉक्टरांचे मत घ्यावे.

आपल्यातील वडीलधाऱ्यांनी आयुष्यभर स्वतःच्या पायांवर उभे राहून आपल्याला उभे केले. त्यांना अखेरपर्यंत चालते ठेवणे हे आपले कर्तव्य आहे. आजच संध्याकाळी आपल्या घरची मोरी पाहावी, दांडी कोठे बसवता येईल ते ठरवावे, आणि मुलीच्या ताटात नाचणीची भाकरी वाढावी. एवढे झाले तरी या लेखाचे सार्थक झाले, असे आम्ही समजू.