आखडलेलें कोपर

एक लहानसा प्रयोग करून पाहा. कोपर न वाकवितां हातांतील घास स्वतःच्या तोंडापर्यंत नेण्याचा यत्न करा. घास हातीं असूनहि मुख उपाशीच राहतें! कोपराचें महत्त्व कळण्यास एवढें पुरे आहे.

निरोगी कोपर सरळ स्थितीपासून सुमारें १४५ अंशांपर्यंत मिटतें. नित्याचीं बहुतेक कामें ३० ते १३० अंशांच्या हालचालींत उरकतात. परंतु हाड मोडणें, सांधा निखळणें, भाजणें, सांध्याचा क्षय किंवा सांध्यांत पू होणें, यांमुळें सांध्याचें आवरण जाड व आखूड होतें. कधीं भोंवतालच्या मांसांत नवें हाडहि उत्पन्न होतें. मग कोपर अडतें.

पूर्वीं रोगट कोपरासाठीं सबंध हात कापून टाकीत. एडिंबरो येथील शस्त्रवैद्य जेम्स साइम यांनीं केवळ रोगट सांधा काढून हात राखण्याचा पुरस्कार केला व १८३१ सालीं त्याविषयीं ग्रंथ लिहिला. ईथरची भूल १८४६ सालीं प्रसिद्धीस आली, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्या रोग्यांचें धैर्य कळतें.

आतां प्रथम व्यायाम व आधारपट्टी यांचा उपाय योजितात. कांहीं महिन्यांनींहि गुण न आल्यास शस्त्रक्रियेनें आखडलेलें आवरण सोडवितात व अडविणारें हाड काढितात. कित्येकदां हें काम लहान छिद्रांतून दुर्बिणीच्या साह्यानें होतें. ज्यास धक्का लागतांच करंगळीपर्यंत मुंग्या येतात, तो मज्जातंतु तेथें फार जपावा लागतो. सांध्याचे पृष्ठभाग नष्ट झाले असल्यास मध्यें मांडीवरील तंतुमय पडदा घालितात, किंवा वयस्क रोग्यास कृत्रिम सांधा बसवितात. मात्र कृत्रिम सांध्याच्या हातानें जड ओझें उचलूं नये. आणि जंतुदोष शिल्लक असतां तो सांधा बसवीत नाहींत.

तथापि शस्त्र सांधा मोकळा करितें, तो मोकळा राखणें रोग्याच्या हातीं आहे. वेदनेस भिऊन व्यायाम सोडला, तर कोपर पुन्हां आखडतें. शस्त्रवैद्याचें काम एका दिवसाचें, रोग्याचें अनेक महिन्यांचें.

म्हणून एक गोष्ट विसरूं नका. मैदानावर सोबती पडून त्याचें कोपर दुखावलें, तर तें ओढूं नका, जोरानें चोळूं नका. तशा चोळण्यानें नवें हाड वाढण्याचें भय असतें. हात आहे त्या स्थितींत झोळींत बांधा आणि त्यास त्वरित डॉक्टरांकडे न्या. त्या वेळचा तुमचा विवेक कदाचित् त्याचा हात जन्मभर कामाचा राखील.