समुद्राविना लिंक्स

गोल्फ हा खेळ मूळचा स्कॉटलंडचा. त्यापायी लोक धनुर्विद्येकडे दुर्लक्ष करतात, म्हणून १४५७ साली दुसऱ्या जेम्स राजाच्या संसदेने त्यावर बंदी घातली होती! समुद्र व सुपीक शेते यांच्यामध्ये वाळूच्या टेकड्यांचा जो पट्टा पसरलेला असतो, त्यास तिकडे ‘लिंक्स’ म्हणतात. नांगराला तो निरुपयोगी, म्हणूनच खेळाला मोकळा राहिला. वाळूतून पाणी चटकन झिरपते, गवत आखूड व चिवट उगवते आणि भूमी टणक राहते. त्यामुळे चेंडू पडल्या जागी न थांबता घरंगळत दूर जातो. त्यात वाऱ्याचा खोडकरपणा वेगळाच.

विद्यार्थ्यांनो, असे मैदान समुद्रापासून दूर, शेतजमिनीवर होईल काय? अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात, मिलवॉकी शहराच्या वायव्येस, ‘एरिन हिल्स’ हे मैदान २००६ साली सुरू झाले. पूर्वी तेथे शेती होती, गुरे चरत. परंतु त्या भूमीचा खरा शिल्पकार शेतकरी नव्हे, तर हिमनदी होय. हिमयुगात बर्फाचे दोन प्रचंड ओघ त्या प्रदेशात एकमेकांस भिडले. त्यांनी वाहून आणलेल्या वाळूखडीचे ढीग मध्ये साचले. त्यांत गाडले गेलेले हिमखंड पुढे वितळले, वरची माती खचली आणि हंड्याच्या आकाराचे खळगे तयार झाले. सागराने व वाऱ्याने स्कॉटलंडात जे केले, ते येथे बर्फाने केले! हर्डझन, फ्राय व व्हिटन या रचनाकारांनी बहुतेक ठिकाणी हा उंचसखलपणा तसाच ठेवून फेस्क्यू जातीचे बारीक पात्यांचे गवत पेरले. पुढे मात्र बरीच झाडे काढण्यात आली. निसर्गाचे रूप राखण्यासाठी निसर्गालाच कात्री लावावी, हे मला तरी विचित्र वाटते.

२०१७ साली येथे अमेरिकेची खुली स्पर्धा झाली. पण पावसाने जमीन मऊ झाली होती. मऊ जमिनीवर चेंडू पडेल तेथेच रुततो. मग खेळणे सोपे होते. विजेता ब्रूक्स केप्का याने चार फेऱ्यांत ठरलेल्या फटक्यांपेक्षा १६ कमी घेतले. २०२५ साली महिलांच्या स्पर्धेत स्वीडनची माया स्टार्क जिंकली ती अवघ्या ७ कमी फटक्यांनी. उंचवटे व खळगे बर्फाने दिले. पण कोरडी जमीन व वारा हे आकाशाच्या स्वाधीन.

हे मैदान ‘सार्वजनिक’ आहे. म्हणजे सभासदत्वाची अट नाही. पैसे भरील तो खेळेल. परंतु एका फेरीस शेकडो डॉलर पडतात. ज्या भूमीवर शेतकरी राबला, तेथे आज सामान्य शेतकऱ्याने खेळावयाचे म्हटले तर खिसा चाचपावा लागेल. स्कॉटलंडातील सेंट अँड्र्यूज गावाने आपली लिंक्स १८९४ साली कायदा करवून परत मिळविली. तेथील जुने मैदान आजही सामान्यतः रविवारी खेळाला बंद असते. त्या दिवशी गावकरी कुत्री घेऊन, पोरेबाळे घेऊन त्या हिरवळीवर फिरावयास जातात, आणि त्यांच्याकडून कोणी एक पैही मागत नाही.