थांबणाऱ्या प्रोग्रामचा भरवसा

मेहकर, जि. बुलढाणा

चि. भाचीस,


प्रोग्राम बंद पडू नये म्हणून एरर गिळायची, तिच्या जागी शून्य भरायचं आणि पुढे जायचं, ही सवय तू लावून घेऊ नयेस असं मला वाटतं. जे घडूच शकत नाही असं धरून तू कोड लिहिलास तेच घडलं, तर प्रोग्रामने तिथल्या तिथे बंद पडावं आणि कोणत्या ओळीवर, काय माहिती हाती असताना थांबलो, तेही लॉगमध्ये लिहावं. कारण बग दुरुस्त करायला फारसा वेळ लागत नाही. चूक झाली एकीकडे आणि दिसली भलतीकडे, म्हणून ती शोधण्यात दिवस जातात.

महाराष्ट्रातल्या २०१७ च्या शेतकरी कर्जमाफीचं उदाहरण घे. आपल्या जिल्ह्यासह राज्यभरातून ऑनलाइन अर्ज गेले, बँकांनीही याद्या दिल्या. १८ ऑक्टोबरला प्रमाणपत्रं वाटली गेली आणि मग अनेक शेतकऱ्यांच्या नावांपुढे एकच आधार क्रमांक असल्याचं बाहेर आलं. पैसे जमा होणं लांबलं. असा क्रमांक यादी घेतानाच आढळला, तर तो बँकेची चूक म्हणून परत पाठवायचा. त्यासाठी क्रॅश नको. पण तपासणी झाल्यावरही रक्कम वळती करताना एका क्रमांकावर दोन नावं निघाली, तर आपली तपासणीच फसली आहे. तिथे मात्र थांबलंच पाहिजे. चुकीच्या खात्यात गेलेला पैसा परत आणण्यापेक्षा थांबलेलं काम पुन्हा सुरू करणं सोपं.

तू म्हणशील, बँकेच्या काउंटरवर रांग असताना सगळं बंद कसं पाडायचं? सगळं पाडू नकोस, तेवढा व्यवहार पाड. संगणकशास्त्रज्ञ जिम ग्रे यांनी १९८५ मध्ये हेच मांडलं: चूक दिसताच थांबणारे छोटे भाग करा आणि त्यांची जागा घेणारा दुसरा भाग तयार ठेवा. एरिक्सन या दूरसंचार कंपनीत घडलेली अरलँग ही प्रोग्रामिंगची भाषा याच विचारावर उभी आहे. याहून कठीण आक्षेप आहे एरियन ५ या रॉकेटचा. ४ जून १९९६ रोजी एक आकडा ठरलेल्या जागेत मावेना, म्हणून दिशा सांगणारा संगणक स्वतःहून बंद झाला आणि उड्डाणानंतर चाळीसेक सेकंदांत रॉकेट नष्ट झालं. पण तिथला राखीव संगणकही तोच प्रोग्राम चालवत होता, त्यामुळे तोही त्याच आकड्यावर बंद पडला होता. थांबल्यावर सूत्रं कोण हाती घेणार, हे तिथे नीट ठरलेलं नव्हतं.

म्हणून कोडमध्ये थांबण्याची प्रत्येक अट लिहिताना त्यापुढचं काम कोणाकडे जाईल तेही लिही. ते सुचत नसेल, तर एरर गिळू नकोस. आधी रचना बदल.

तुझा,
मामा