कडुनिंबाचं तेल विकायचंय? आधी ते कोणाच्या घरात जाणार ते बघा



नैसर्गिक डास-प्रतिबंधकाचा विषय व्हिडिओत दहा मिनिटांत उरकला, पण तेवढ्यात तो मावत नाही. अकोला-अमरावतीतून सगळ्यात जास्त विचारणा याच धंद्याची होते. कडुनिंब दारात आहे, जून-जुलैत निंबोळ्यांचा सडा पडतो, मग तेल काढू, कापूर टाकू, बाटलीत भरू आणि विकू. बाटली भरणं सोपं आहे हो. त्या घरात रांगतं बाळ आहे, दम्याची आजी आहे की मांजर आहे, हे तुम्हाला दिसत नाही. खरी अडचण तिथे आहे.

मागणी खरी आहे, यात शंका नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले. ते आपल्या भागात कोणी विसरलेलं नाही. त्यामुळे 'केमिकल नाही' म्हटलं की गिऱ्हाईक थांबतं. पण थांबल्यावर काकू पहिला प्रश्न काय विचारतात? "डास खरंच पयतात काय हो भाऊ?" आणि दुसरा, "लेकराला लावलं तर चालते ना?" या दोन प्रश्नांची उत्तरं तुमच्याकडे नसतील तर लेबल छापायला जाऊ नका.

पहिला प्रश्न घेऊ. दिल्लीच्या मलेरिया संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांचा एक अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. खोबरेल तेलात २ टक्के कडुनिंबाचं तेल, म्हणजे १०० मिलीत २ मिली, एवढ्याने मलेरियाच्या ॲनोफिलिस डासांपासून १२ तासांपर्यंत संरक्षण मिळालं असं त्यात नोंदवलंय. ऐकायला छान आहे. पण डेंग्यू पसरवणारा एडिस डास वेगळा, तो दिवसा चावतो. एका डासावरचा निकाल दुसऱ्याच्या नावावर खपवायचा नाही. सिट्रोनेलाचं तर अजून अवघड. २००२ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक चाचणीत, अंगाला लावायच्या सिट्रोनेला उत्पादनांनी सरासरी २० मिनिटंही संरक्षण दिलं नाही. सुमारे २४ टक्के डीट असलेलं रासायनिक उत्पादन पाच तास टिकलं. वास येतोय म्हणजे काम चालू आहे, असं नाही.

नर्सरीवाल्यांसाठी एक सांगून टाकतो. 'डास पळवणारं झाड' म्हणून कुंडी विकू नका. पानातलं तेल पानातच असतं, कुंडी नुसती खिडकीत ठेवून ते खोलीभर पसरत नाही. गवती चहा हा चहासाठीच विका, तसाही तो जातो.

आता लेकराचा प्रश्न. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला कोणतंही डास-प्रतिबंधक लावायचं नाही, नैसर्गिकही नाही. त्याला मच्छरदाणी. परदेशात मान्यता असलेलं लेमन युकॅलिप्टसचं तेलसुद्धा तीन वर्षांखालच्या मुलांना लावू नका असं सांगितलं जातं. आणि ते म्हणजे आपल्याकडच्या मेडिकलमधलं साधं निलगिरी तेल नव्हे. कडुनिंबाचं तेल लहान मुलाच्या पोटात गेलं तर उलट्या, झटके, अगदी जिवावर बेतण्यापर्यंत प्रकार झालेले आहेत. कापूर गिळला तरी झटके येतात. म्हणून तुमची ती सुंदर, छोटी, लेकराच्या हातात बसेल अशी बाटली मला धोक्याची वाटते. झाकण लहान मुलाला उघडता येणार नाही असं घ्या, चार पैसे जास्त गेले तरी चालतील.

कॉइलच्या जुन्या लिक्विड मशीनमध्ये कडुनिंबाचं तेल आणि कापूर भरायचा प्रकार सगळीकडे फिरतोय. ते तेल घट्ट असतं, वात तुंबते, थंडीत तर ते गोठायलाच लागतं. मशीनचा हीटर दुसऱ्याच द्रवासाठी बनवलेला असतो. रात्रभर बाळाच्या उशाशी चालणारी वस्तू अशी जुगाड करून विकायची? मी तरी कोणाला शिकवणार नाही.

धुरीचंही तेच. एका संशोधनात डासांची एक कॉइल जळताना निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले. कडुनिंबाच्या पाल्याची धुरी ही कॉइल नाही, हे मान्य. पण धूर तो धूरच. गोठ्यात, मोकळ्यावर ठीक. दार लावलेल्या खोलीत, दम्याच्या माणसाजवळ नाही.

आणि प्राणी. इथे बहुतेक नवे उद्योजक फसतात, कारण 'घरातल्या सगळ्यांसाठी' असं लिहून मोकळे होतात. मांजराचं यकृत काही रसायनं आपल्यासारखी पचवू शकत नाही, आणि मांजर अंग चाटतं. टी ट्री तेल मांजर-कुत्रा दोघांनाही विषारी ठरतं. कुत्र्याच्या गोचिडावरचं परमेथ्रिन मांजराला लावलं तर मांजर मरू शकतं. कुत्र्याला गोचिडापासून ताप येतो, त्यावर सुगंधी तेलाचा भरवसा देऊ नका. अकोल्यात स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे. प्राण्यांसाठी काही बनवायचं मनात असेल तर फॉर्म्युला ठरवायच्या आधी पशुवैद्यकाला विचारा, नंतर नाही.

कायद्याचं थोडक्यात. 'नैसर्गिक' म्हणून सूट नाही. कीटकनाशक कायदा १९६८ चा आहे आणि नोंदणी फरीदाबादच्या नोंदणी समितीकडे होते. नोंदणीकृत कीटकनाशकांत कडुनिंबातलं ॲझाडिरॅक्टिनसुद्धा आहे. अंगाला लावायचं तेल, साबण केला तर सौंदर्यप्रसाधनाचा किंवा आयुर्वेदिक उत्पादनाचा परवाना लागतो. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात १० लाखांपर्यंत दंड आहे. 'डेंग्यूपासून १०० टक्के बचाव' हे चार शब्द केवढ्याला पडतील ते बघा.

मग करायचं काय? माझं मत सांगतो. पटलं तर घ्या. आपल्या शहरांत नळाला रोज पाणी येत नाही. घरोघरी ड्रम, टाकी, रांजण भरलेले. उन्हाळा संपतो आणि कुलरच्या टाकीत पाणी तसंच राहतं. एडिस तिथेच अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत उडायला लागतो. त्या ड्रमला घट्ट बसणारं जाळीचं झाकण शिवा. बाळाला चालतं, आजीला चालतं, मांजरालाही चालतं. चाटलं तरी काही होत नाही!

२०० लिटरच्या ड्रमचं तोंड साधारण ५८ सेंटीमीटर. खाली वळून इलॅस्टिक बसायला ९० सेंटीमीटरचा गोल कापा. समजा कापड ४० रुपये, इलॅस्टिक ६, शिलाई १५, पिशवी-लेबल ४. झाले ६५. विक्री ११० ला, दुकानदाराचे २५ गेले, हातात ८५ आले. एका नगामागे २० रुपये सुटतात, त्यातून प्रवास आणि वाया गेलेलं कापड वजा. हे आकडे उदाहरणाचे आहेत, भाव तुम्ही स्वतः तुमच्या गावच्या कापड बाजारात फिरून आणा. जाळी इतकी बारीक हवी की डास शिरणार नाही, नाहीतर सगळंच फुकट. पाकिटावर किंमत, नग, तुमचं नाव-पत्ता, महिना-वर्ष आणि तक्रारीसाठी फोन हे छापावंच लागतं.

सोबत त्याच घरी खिडकीची जाळी मोजून बसवून द्या आणि बाळाची मच्छरदाणी ठेवा. एका गिऱ्हाइकाकडे तीन वस्तू. तेलाचा मोह सुटत नसेल तर परवान्याची चौकशी याच कमाईवर चालू ठेवा. अमरावतीत अन्न व औषध प्रशासनाचं विभागीय कार्यालय आहे, आणि कर्जाच्या योजनांसाठी दोन्ही जिल्ह्यांत जिल्हा उद्योग केंद्र आहे.

वेळ मात्र सांभाळा. १६ मे हा राष्ट्रीय डेंग्यू दिन, जून हा हिवताप प्रतिरोध महिना आणि जुलै डेंग्यूचा. आरोग्य खातं त्या काळात घरोघरी 'कोरडा दिवस पाळा' सांगत फिरतं, म्हणजे तुमचा अर्धा प्रचार आपोआप होतो. शिलाई एप्रिलमध्ये सुरू करा, आणि पहिले पन्नास नग मेच्या पहिल्या आठवड्यात दुकानात टांगलेले दिसले पाहिजेत.